इंग्रज राजाची नौका टेबलावर उभी राहते, आपली तिफण का नाही?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा.

शिवजयंतीच्या मिरवणुकीत आपल्याकडं आरमाराचा देखावा असतोच. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर थर्माकोलचं जहाज, त्यावर भगवा, चार पोरं मावळ्यांच्या वेशात. पण जहाजाकडं नीट पाहिलंय कधी? मागचा भाग उंच, समोर बाई कोरलेली, तीन उंच डोलकाठ्या, चौकोनी शिडं. हे महाराजांचं गुराब नाही, गलबत नाही आणि शिबाडही नाही. इंग्रजी सिनेमातल्या समुद्री चाच्यांचं जहाज आहे ते. पोरांचा दोष नाही. इंटरनेटवर ‘जुनं लाकडी जहाज’ शोधलं की हेच येतं.

हेच का येतं, हा आजचा विषय. त्यासाठी थोडं इंग्लंडला जावं लागेल. ‘जऊळक्यात जहाज कुठून आलं बाप्पा?’ असं विचारणाऱ्यांनी जरा धीर धरावा. जहाज वाशीमपर्यंत येणार आहे.

लाकडी जहाजांची लहान मॉडेलं बनवायचा छंद जगभर लोकांना आहे. इटलीतल्या कंपन्या त्याचं सामान डब्यात घालून विकतात: पातळ पट्ट्या, दोरा, पितळी तोफा, नकाशा. त्यातलं एक फार लोकप्रिय मॉडेल म्हणजे ‘रॉयल कॅरोलिन’. ही इंग्लंडच्या राजाची स्वतःची शिडाची नौका. दुसऱ्या जॉर्जसाठी लंडनजवळ डेप्टफर्डच्या गोदीत ती बांधली, जोशुआ ॲलिन याच्या आराखड्यावरून, आणि १७५० च्या जानेवारीत ती पाण्यात उतरली. लांबी ९० फूट, रुंदी साडेचोवीस फुटांच्या आसपास. लढाईसाठी नव्हतीच ती. राजाला समुद्र ओलांडून जर्मनीतल्या हॅनोव्हरला न्यायचं-आणायचं, एवढंच काम. म्हणून नक्षी भरपूर, सोन्याचा मुलामा भरपूर आणि तोफा नावापुरत्या. १७६१ मध्ये तिसऱ्या जॉर्जची नवरी, शार्लट, याच नौकेतून इंग्लंडला आली. तेव्हा नौकेचं नावही बदलून ‘रॉयल शार्लट’ केलं. १८२० मध्ये ती मोडीत काढली.

म्हणजे २०० वर्षांपूर्वी लाकूड गेलं, खिळे गेले, सोनं गेलं. तरी आज कुणीही माणूस घरी बसून ती नौका जवळजवळ फळीला फळी लावून पुन्हा उभी करू शकतो. कशाच्या जोरावर? कागदाच्या.

इंग्रजांच्या आरमार खात्याची शिस्तच तशी होती. जहाज बांधायचं म्हणजे आधी मापाचा नकाशा काढायचा. साधारण प्रमाण ठरलेलं: खऱ्या जहाजाच्या एका फुटाला कागदावर पाव इंच. म्हणजे एकास अठ्ठेचाळीस. ९० फुटांची नौका या हिशेबानं कागदावर साडेबावीस इंचांची होते. बाजूनं कशी दिसते, वरून कशी, आणि आडवी कापली तर पोटाचा घेर कुठं किती, असे तीन प्रकारे आकार काढायचे. हे तीन आकार हातात असले की ज्यानं ती नौका जन्मात पाहिली नाही त्यालाही ती बांधता येते. आधी कणा, त्याला कोकणात पठाण म्हणतात. मग फासळ्या, मग त्यावर फळ्या. अठ्ठेचाळीस पट लहान, पण रीत तीच.

ते नकाशे खात्यानं जपून ठेवले. आज असे कितीतरी नकाशे आणि त्या काळातली मॉडेलं ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत. शिवाय चॅपमन नावाच्या स्वीडनच्या जहाज बांधणाऱ्यानं १७६८ मध्ये जहाजांच्या आकृत्यांचा मोठा ग्रंथ छापला, त्यातही ‘रॉयल कॅरोलिन’ आहे. राजाची नौका परदेशी माणसाच्या पुस्तकात, मापासकट!

आता हा राजेशाही नौकांचा शौक इंग्लंडमध्ये आला कुठून, तेही पाहा, कारण त्याचा एक धागा थेट आपल्या मुंबईला येऊन लागतो. ‘यॉट’ हा शब्द मूळचा डच. १६६० मध्ये दुसरा चार्ल्स परदेशातला वनवास संपवून गादीवर बसला, तेव्हा ॲमस्टरडॅम शहरानं त्याला ‘मेरी’ नावाची नौका भेट दिली. राजाला ती इतकी आवडली की पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये तशाच दोन बांधल्या गेल्या. एक राजाची, ‘कॅथरिन’, आणि एक त्याच्या भावाची, ‘ॲन’. १६६१ च्या १ ऑक्टोबरला दोघा भावांनी थेम्स नदीत शर्यत लावली, ग्रिनिच ते ग्रेव्हसेंड आणि परत. पैज १०० पौंडांची. जाताना राजा हरला, येताना जिंकला. जॉन एव्हलिन नावाचा गृहस्थ त्या दिवशी राजाबरोबर होता. त्यानं हे सगळं रोजनिशीत लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. इथंही कागदच.

ही ‘कॅथरिन’ कुणाच्या नावाची? पोर्तुगालच्या राजकन्येच्या, म्हणजे चार्ल्सच्या होणाऱ्या राणीच्या. हो, तीच. जून १६६१ च्या ज्या लग्नाच्या करारात मुंबईचं बेट आंदणात गेलं, त्याच लग्नाची ही नौका. तिकडं राजा नवरीच्या नावाची नौका नदीत पळवत होता आणि इकडं त्याच नवरीच्या हुंड्यात आगरी-कोळ्यांची बेटं एका राजाकडून दुसऱ्याकडं जात होती. कोळ्यांना कुणी विचारलं नाही, हे सांगायला नकोच. ताबा घ्यायला आलेल्या इंग्रज सैनिकांना पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी झुलवत ठेवलं. बिचारे अंजदीव बेटावर रोगराईनं मेले, त्यांचा सरदार शिपमनही तिथंच गेला. ताबा मिळाला तो फेब्रुवारी १६६५ मध्ये. तीन वर्षांनी राजानं तेच बेट वर्षाला १० पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. एका शर्यतीची पैज १०० पौंड आणि मुंबईचं वर्षाचं भाडं १० पौंड. हिशेब तुम्हीच लावा.

त्याच फेब्रुवारी १६६५ मध्ये आपल्या बाजूला काय चाललं होतं? महाराज मालवणहून जहाजात बसून बसरूरच्या स्वारीवर निघाले होते. इंग्रजांच्या पत्रांत आकडा आहे: ८५ लहान जहाजं आणि ३ मोठी. कल्याण-भिवंडी हाती आल्याला तेव्हा जेमतेम सात-आठ वर्षं झाली होती. शून्यातून एवढं आरमार! १६७९ मध्ये खांदेरीच्या लढाईत याच लहान होड्यांनी इंग्रजांना रडकुंडीला आणलं. ‘डव्ह’ नावाचं त्यांचं एक गुराब मराठ्यांनी धरून नेलं. उथळ पाण्यातून वल्हवत रातोरात बेटावर रसद पोचवणाऱ्या या होड्या आपल्या हाती लागत नाहीत, अशी तक्रार इंग्रज आपल्या कागदांत करतात.

त्या होड्या नेमक्या कशा होत्या? तळ किती सपाट, नाळ किती पुढं झुकलेली, वल्ही किती, शीड कोणत्या कोनात? नावं आपल्याकडं भरपूर आहेत: गुराब, गलबत, शिबाड, तरांडे, मचवा, पडाव. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर अख्खं प्रकरण आहे, त्यात लाकूड कुठून घ्यावं याच्याही सूचना आहेत. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरासारखी वाढवलेली असतात, असं तिथं बजावलं आहे. राज्यकर्ता किती बारीक विचार करत होता, बघा. पण फुटाला पाव इंच असा नकाशा एकाही गुराबाचा आपल्या हातात नाही. सुताराच्या डोक्यात माप होतं. बापाकडून पोराकडं जात होतं आणि तेवढं पुरत होतं. जोवर गोदी चालू होती तोवर.

मग १७५६ चा फेब्रुवारी आला. विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार नांगरलेलं होतं. वॉटसन आणि क्लाईव्ह समुद्रातून आले आणि जमिनीवरून पेशव्यांची फौज. होय, आपलीच. तुळाजीशी भांडण होतं, ते मिटवायला नानासाहेबांनी इंग्रजांना बोलावलं. आंग्र्यांनी पूर्वी कंपनीचं ‘रिस्टोरेशन’ नावाचं जहाज पकडलं होतं, त्यावर गोळा पडला, ते पेटलं, आणि त्याच्या आगीत शेजारची सगळी जहाजं एका दुपारी जळाली. बांधायला घेतलेलीही. मराठी आरमाराचा कणा तिथं मोडला. या प्रसंगाचं एक गाजलेलं चित्र आहे, डॉमिनिक सेर्स या चित्रकारानं १७७१ मध्ये तिकडं बसून काढलेलं. आपल्या जहाजांचं चित्र, आणि तेही जळतानाचं.

‘रॉयल कॅरोलिन’ पाण्यात उतरल्यावर अवघ्या सहा वर्षांनी हे झालं. तिचा कागद राहिला. आंग्र्यांचं लाकूडही गेलं आणि कागद तर नव्हताच.

आपल्या लोकांच्या हातात कला नव्हती म्हणून हे झालं, असं कुणी म्हणत असेल तर साफ चूक आहे. ज्या वर्षी ती राजाची नौका डेप्टफर्डला पाण्यात उतरली त्याच १७५० मध्ये मुंबईत कोरडी गोदी उभी राहिली. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी ती उभी केली. त्यांच्या घराण्यानं पुढं इंग्रजांच्या आरमारासाठी सागवानी जहाजं बांधली. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली १८१७ मध्ये बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. २०० वर्षांवर झाली! ओकाच्या लाकडाची त्यांची कितीतरी जहाजं कुजून गेली, आपलं सागवान टिकलं.

आणि ऐका. १८२६ मध्ये मुंबईच्या गोदीत ७४ तोफांचं ‘लिव्हरपूल’ नावाचं जहाज मस्कतच्या सुलतानासाठी बांधलं. सुलतानानं १८३६ मध्ये ते इंग्लंडच्या चौथ्या विल्यमला भेट म्हणून दिलं. परतभेट म्हणून राजानं काय पाठवलं असेल? आपली एक राजेशाही नौका, ‘प्रिन्स रीजंट’. म्हणजे मुंबईच्या सुतारांच्या जहाजाच्या बदल्यात इंग्लंडच्या राजाची नौका मस्कतला आली. तोलामोलाचीच गोष्ट असल्याशिवाय असा व्यवहार होत नाही.

पण कागदाचं महत्त्व काय असतं ते ‘ट्रिंकोमाली’च्याच गोष्टीत दिसतं. तिचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजातून मुंबईला यायला निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकी आरमारानं ‘जावा’चा धुव्वा उडवला. नकाशे गेले. मग? मग काही नाही. लंडनला मूळ प्रत होती. तिची नक्कल करून पुन्हा पाठवली आणि काम सुरू झालं. अख्खं जहाज समुद्राच्या तळाला गेलं तरी माप बुडालं नाही.

आता वाशीम.

आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेचा राजा हरिषेण, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अजिंठ्याची सोळाव्या क्रमांकाची लेणी त्याचा प्रधान वराहदेव यानं कोरवली, तिथं शिलालेख आहे. अजिंठ्यातली बरीच कामं याच काळातली मानतात. आणि अजिंठ्याच्या भिंतीवर एक जहाज रंगवलेलं आहे. शिडं फुगलेली, बाजूला सुकाणूची वल्ही. कुणीतरी चित्रकार, नाव कुणालाच ठाऊक नाही, समुद्रापासून एवढ्या लांब डोंगरात बसून जहाज काढून गेला.

पंधराशे वर्षांनी ते चित्र कामाला आलं. भारतीय नौदल आणि सांस्कृतिक मंत्रालयानं त्यावरून खरंखुरं जहाज बांधायचं ठरवलं. गोव्यातल्या होडी इनोव्हेशन्स या कंपनीनं बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली केरळच्या कारागिरांकडून ते बांधलं. लोखंडी खिळे नाहीत, फळ्या काथ्याच्या दोरानं शिवलेल्या. २१ मे २०२५ रोजी कारवारला त्याचं ‘कौंडिण्य’ असं नामकरण झालं आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ते पोरबंदरहून मस्कतकडं निघालं. तेच मस्कत!

पण इथं एक अडचण होती. चित्र होतं, माप नव्हतं. भिंतीवरचं चित्र एका बाजूचं. पाण्याखाली पोटाचा घेर किती, वजन कुठं, वाऱ्यात कलंडेल की नाही, हे चित्रावरून कळत नाही. म्हणून आधी लहान मॉडेल केलं आणि मद्रासच्या आयआयटीमध्ये पाण्याच्या टाकीत त्याच्या चाचण्या घेतल्या. जे ‘रॉयल कॅरोलिन’च्या कागदावर तयार मिळतं ते इथं इंजिनिअरांना नव्यानं शोधून काढावं लागलं. तरी चित्र होतं म्हणून निदान सुरुवात झाली.

मला जहाजांचा नाद आहे म्हणून एवढं लांबण लावलं नाही. खरी गोष्ट इथून पुढं आहे.

आपल्या जऊळक्यात आणि मालेगाव तालुक्यातल्या शेजारच्या गावांत लाकडी तिफण आता किती घरी आहे? बंडी किती? दमणी, रेंगी तर नव्या पोरांनी पाहिलेलीही नाही. ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आलं, त्यात वाईट काही नाही. ज्याला पहाटेपासून तिफणीमागं चालावं लागलं त्याला विचारा, तो सांगेल काय सुख आहे ते. मी काही बैलगाडीचे दिवस परत आणा म्हणणारा माणूस नाही. आमच्या घरची बंडी मोडली तेव्हा चाकाची लोखंडी धाव भंगारात गेली आणि लाकूड चुलीत. बाभळीचं लाकूड, छान पेटलं. दुसरं करणार तरी काय होतो?

पण ती बंडी किती लांब होती, मला सांगता येत नाही. जू किती हात, दांडीचा कल किती, चाकाला आरे किती. तिफणीच्या दोन फणांतलं अंतर आपल्या काळ्या जमिनीत किती ठेवायचे, ज्वारीला किती आणि तुरीला किती, हे ज्या सुताराला ठाऊक होतं तो सत्तरी-ऐंशीला टेकलाय. त्यानं हे कधी लिहिलं नाही, त्याला लिहायला कुणी सांगितलंही नाही. आसाला धावडा की तिवस, फणाला बाभूळ की खैर, धाव तापवून चाकावर चढवली की पाणी केव्हा ओतायचं, हे सगळं त्याच्या हातात आहे. विजयदुर्गाच्या सुतारांच्या हातात होतं तसंच.

इंग्रज राजाची नौका चैनीची वस्तू होती. तिच्या मापाला खात्याचे ड्राफ्ट्समन होते, ग्रिनिचचं कपाट होतं, चॅपमनचा ग्रंथ होता. आपल्या तिफणीनं पिढ्यान्‌पिढ्या वऱ्हाड पोसलं आणि तिच्या नावाचा एक कागद ग्रामपंचायतीच्या दप्तरात नाही. आपल्या स्टेशनावरून धावणारी मीटरगेजची छोटी गाडी बंद झाली, रूळ रुंद झाले. पण त्या जुन्या रुळाचं माप नावातच आहे: मीटर. रेल्वेनं सगळं लिहून ठेवलेलं असतं. सुताराचं कोण लिहिणार?

खर्चाचं म्हणाल तर फार नाही. टेप, चौकोनी रेघांचा कागद, मोबाईल. एकास दहा हे प्रमाण धरलं तर पाच फुटांचं चाक सहा इंचांचं होतं, शाळेच्या कपाटात मावतं. आठवी-नववीच्या पोरांना प्रमाण आणि गुणोत्तर शिकवायला याहून चांगला धडा मला तरी सुचत नाही. मापं पोरांनी घ्यायची, आकृती तीन बाजूंनी काढायची, सुतारबाबांना खुर्ची देऊन बसवायचं आणि प्रत्येक भागाचं नाव त्यांच्याच तोंडून लिहून घ्यायचं. रुमणं, दिंड, चाडं, नळे, शिवळ. दोन गावांत नावं वेगळी निघाली तर दोन्ही लिहायची. मग त्यांच्याच हातून लहान मॉडेल करून घ्यायचं आणि मजुरी द्यायची. फुकट नाही. कलाकाराचा सत्कार शाल-नारळावर उरकायची आपली सवय जुनी आहे, निदान इथं तरी नको.

गेल्या महिन्यात मी दोन जुन्या तिफणी आणि एक वखर पाहून ठेवलं आहे. एका तिफणीचं चाडं शाबूत आहे, नळे नाहीत. दमणी अजून सापडलेली नाही. कुणाच्या गोठ्यात, वळचणीला, कडब्याखाली मोडकीतोडकी पडली असली तरी चालेल. विकत नको, उचलून न्यायची नाही, फक्त मापं घेऊ द्या. पेरण्यांआधी दर रविवारी सकाळी मी मोकळा असतो. टेप माझ्याकडं आहे, दुसरं टोक धरायला एक माणूस लागेल.